पिकअपच्या पोटातील हळदीची हकीकत

श्री. अग्नी आणि जल या दोन्ही देवतांस दंडवत. उभयतां एका घरी सलोख्याने नांदल्या तर चाक फिरते, म्हणून आधी त्यांस नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास. ते समयी डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होते. राज्य म्हणजे बांबू, कनाती, खुर्च्या, मोठी पातेली आणि हे सर्व वाहून नेणारी एक पांढरी पिकअप. लग्नकार्यात मांडव घालावा आणि कार्य उरकले की उतरवावा, हा कारभार. धनी सिदोजीराव. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई आदल्या आषाढात कैलासवासी जाहल्या, आणि तेव्हापासून राव कामापुरतेही बोलेनासे जाहले, आणि कन्या शेवंताबाई एकटीच फौज हाकू लागली.

मूळ वृत्तांत ऐसा. बाई हयात असता उभयतां मांडवाचे सामान घेऊन घाट चढत होती, तो एका वळणावर रेडिएटर गळू लागला, उष्णतेचा काटा लालावर गेला, वाफ उसळली. रावांनी कपाळास हात लावला. बाई डगमगल्या नाहीत. इंजिन निवू दिले, मग सामानातून हळदीचा डबा काढून चमचाभर हळद रेडिएटरात घातली, वर पाणी ओतले आणि म्हणाल्या, "नवरीला लावतात, गाडीला लावली तर काय बिघडलं? चला." हळद छिद्रात बसली, गळती थांबली आणि मांडव वेळेवर उभा राहिला. मागाहून दस्तगीर मिस्त्रींनी छिद्र कायमचे बुजवले. पण बाई गेल्या, आणि मग राव रोज सकाळी स्नान करून गाडीस उदबत्ती ओवाळीत आणि त्याच डब्यातील चिमूटभर हळद रेडिएटरात सोडीत. गळत नव्हते तरी सोडीत. कोणास सांगितले नाही.

मग मार्गशीर्षात घाटमाथ्यावरील एका गावचे लग्न ठरले, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी रिकामी पिकअप सपाट रस्त्यावर उकळू लागली. दस्तगीर मिस्त्री पाचारण केले. त्यांनी गाडी निवल्यावर झाकण काढले, आत बोट बुडवले आणि रावांपुढे धरले. "राव, हे पाणी आहे का पिठलं? गाळ बसलाय नुसता. असाच घाट चढलात तर इंजिन जाम होईल, आणि मग भंगारवालाच न्यायला येईल. सगळं उपसून धुवायला पाहिजे."

ऐकताच राव बॉनेटपुढे आडवे उभे राहिले. "हात लावायचा नाही."

"आबा, उद्या मांडव पोचवायचाय!" शेवंताबाई कडाडली. "लोकांच्या पोरीचं लग्न उघड्यावर लावायचं का? आणि गाडी गेली तर आपण खायचं काय?"

"तिच्या हातची हळद आहे त्यात," राव म्हणाले.

मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले आणि रावांपाशी येऊन हळू म्हणाले, "वहिनींची चमचाभर केव्हाच गेली, राव. छिद्र बुजवलं तेव्हा मीच रेडिएटर धुतला होता. ही सगळी तुम्हीच घातलेली आहे."

शेवंताबाईचे डोळे भरले होते तरी तिच्या तोंडून निघाले, "आईनं हे बघितलं असतं ना आबा, तर गाडीच्या आधी तुम्हाला पाइपखाली धरलं असतं."

यावर राव हसले. आषाढानंतर प्रथम हसले, आणि हसता हसता रडले, आणि मग स्वतः गाडीखाली आडवे होऊन खालचे बूच सोडले. पिवळा तपकिरी चिखल भदाभदा पडला. मिस्त्रींनी नळ्या सोडवल्या, शेवंताबाईने पाण्याचा पाइप लावला, आणि पाणी गढूळ येई तोवर धुतले, आणि मग निर्मळ आले. थर्मोस्टॅट साफ करून बसवला, आणि इंजिन निववणारा हिरवा कूलंट रावांनी आपल्या हाताने भरला.

दुसरे दिवशी भरली पिकअप घाट चढली. ते वळण आले तेव्हा काटा मध्यावर होता. राव म्हणाले, "इथंच तिनं हळद घातली होती." शेवंताबाई म्हणाली, "सांगा ना आबा, कशी." आणि राव माथ्यापर्यंत सांगत गेले.

मांडव उभा जाहला. तो आतून ओरड आली की हळद कमी पडली. रावांनी गाडीतला डबा काढला आणि दारापाशी थबकले, की आपण विधुर, शुभकार्यात आपल्या हातचे कोण घेईल. नवरीच्या आईने डबा ओळखला. "मंजुळाबाईंचा ना हा? माझ्या थोरलीचा मांडव त्यांनीच बांधला होता. उभे काय राहिलात भाऊ, आणा की आत!" आणि राव आत गेले.

येणेप्रमाणे गाळाचा मोड जाहला. गाडी चालती राहिली, राज्य राहिले. डबा परतताना रिकामा होता, आणि राव घाट उतरेपर्यंत बोलत होते.