कांद्याचा सामना, मुक्काम गंगापूर रोड

श्रीगजानन समर्थ. ज्या काळी माणसे घरबसल्या पडद्यावर परिषदा भरवू लागली आणि पायजम्यावर कोट चढवून दरबारास बसू लागली, त्या काळी नाशिक प्रांती गंगापूर रोडी थोर मोहीम जाहली. तिची हकीकत येणेप्रमाणे.

तेथील वल्लरीबाई, वय लहान, हिंमत दांडगी. नोकरी सोडून परिषदा भरविण्याचा धंदा मांडिला आणि केटरिंगवाल्यांच्या ऑनलाइन परिषदेचा विडा उचलिला. ही पहिलीच स्वारी. प्रायोजक मनमाडचे भिमाजीशेठ, कांदा चिरण्याच्या यंत्राचे कारखानदार. त्यांचे दालन, म्हणजे पडद्यावरचे मोजक्या जागांचे दुकान, बाईंनी झेंडूच्या चित्रांनी सजविले, आणि शेठ यंत्रासुद्धा तेथे सकाळपासून ठाण मांडून बसले, परंतु चिटपाखरूही फिरकेना.

कारण, मुख्य सभेत सत्कार चालू होते. अध्यक्ष वेणीमाधवरावांचा हट्ट असा की सत्काराविना सभा ती सभाच नव्हे. सबब शाली-श्रीफळे कुरिअरने घरोघर रवाना जाहली होती. मग मान्यवराचे नाव पुकारावे, मग त्याच्याच पत्नीने हात पुसत येऊन त्यास शाल पांघरावी, आणि नारळ कॅमेऱ्यापुढे धरावा. फौज बेजार जाहली, कॅमेरे बंद पडले, आणि कित्येक खुशाल निजले.

तो शेठांचा निर्वाणीचा निरोप आला की, जेवणवेळेपर्यंत दालनी माणसे न दिसल्यास आपण दुकान आवरू आणि बाईंचे काम कैसे, ते साऱ्या बाजारात सांगू. पहिल्याच स्वारीत इभ्रत गेली, तर पुढे काम कोण देतो?

बाईंनी दोन सत्कारांमध्ये घुसून शेठांच्या यंत्राची तारीफ आरंभिली. इतक्यात सातपूरच्या मेसच्या मालकीण सिंधुबाई माईक उघडून गर्जल्या, "बास करा त्या शाली! आन् त्या मशीनचं नका सांगू, तिच्या कांद्याला लय पाणी सुटतं!"

वल्लरीबाईंचे डोळे चमकले. अध्यक्ष फेटा बांधून स्वतःच्या सत्कारास सिद्ध होते; त्यांचा माईक बाईंनी आपल्या हाते बंद केला. ऐसे धाडस या प्रांती पूर्वी कोणी केले नव्हते. मग फर्मान सुटले की, सत्कार तहकूब. सकळ सैन्याने भिमाजीशेठांचे दालनी जावे. तेथे सिंधुबाईंची विळी आणि शेठांचे यंत्र यांचा सामना होईल.

मग काय विचारता! निजलेले उठले, कॅमेरे उघडले, विळीचे आणि यंत्राचे ऐसे दोन तट पडले. सिंधुबाईंनी आपल्या मेसमध्ये बसून पहिला ढीग सपासप उडविला, मग हात भरून आला, आणि यंत्र पुढे सरले. शेठांनी चिरलेला कांदा कोरड्या कागदावर पसरून दाखविला. सिंधुबाईंचा जाब आला, "आत्ता कोरडाच दिसणार. तासाभरानं दाखवा!"

ऐसियास कोणीही जेवावयास उठेना. कांद्यावर नजर ठेवून लोक पात्याची धार, दुरुस्ती, हप्ता पुसू लागले आणि शेठ उत्तरे देता देता घामाघूम जाहले. तास भरत आला आणि मनमाडची वीज गेली. ती परतेतो दालन काठोकाठ भरून शेठांची जागा दुसऱ्याने बळकाविली होती.

शेठांचा फोन आला, "ओ ताई, माझ्याच दुकानात मला घेईनात! जागा नाही म्हणतंय! एकाला तरी बाहेर काढा!"

बाईंनी आर्जवे केली. एकही हलेना. मग बाई स्वतःच बाहेर पडल्या आणि त्या जागी शेठ आत शिरले.

कागद ओला निघाला की कोरडा, हे बाईंनी पाहिले नाही. पुढील वर्षाचे प्रायोजकत्व मात्र शेठांनी फोनवरच कबूल केले, अट एकच: दालन मोठे असावे. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.