पहिले श्वास, मंग भाषण

आमच्या मेश्राम मॅडम जवळपास असतील तर माणसानं दिवसा डोळा लागू देऊ नये. गप्प झोपलात तर त्या तुमचा श्वास चालू आहे का ते बघायला येतात. घोरत झोपलात तर पळत येतात.

कटंगीला आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं झाली आणि नवरदेवाचे मामा मांडवातल्या गादीवर तोंड उघडं टाकून आडवे झाले. घशातून गुरगुर आवाज. मॅडम हातात ताट घेऊन चालल्या होत्या. त्यांनी ताट माझ्याकडे दिलं, मामांच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या, मूठ वळली आणि बोटांच्या हाडांनी त्यांच्या छातीचं मधलं हाड असं काही घासलं की मामा ओरडतच उठून बसले.

"नाव काय? गाव कोणतं?" मॅडमनी विचारलं.

मामांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि घाबरून यंदा किती एकर धान लावलं तेही सांगून टाकलं.

"ठीक आहे. झोपा आता," म्हणत मॅडमनी ताट परत घेतलं. मामा काही पुन्हा झोपले नाहीत. वरात निघेपर्यंत एका हातानं छाती धरून खुर्चीवर ताठ बसून होते.

डॉ. प्रमिला मेश्राम या मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या आरोग्य विभागात अधिकारी. मी तिथला फार्मासिस्ट, शेंडे. मॅडमनी पन्नाशी ओलांडली आहे, लग्न केलं नाही, आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली. सुती साडी आणि खाली पळायचे बूट, हा त्यांचा बारा महिन्यांचा वेश. बूट कशासाठी, हे मला पुढं कळलं.

त्या वर्षी शहरात नशेनं एकामागून एक माणसं मेली. कोणी स्मॅक, म्हणजे ब्राउन शुगर, ओढून, कोणी दुखण्यावरची इंजेक्शनं शिरेत टोचून. कोणी पाण्याच्या टाकीखाली सापडलं, कोणी स्वतःच्याच घरात. मोठ्या साहेबांनी मीटिंग बोलावली. स्टॉकचं रजिस्टर घेऊन मीही मागच्या खुर्चीवर होतो. कोणी म्हणालं रॅली काढू, कोणी म्हणालं शपथ घेऊ. एकजण चित्रकला स्पर्धेवर अडून बसले होते.

मॅडम उभ्या राहिल्या. "रैली जिस रास्ते से जाएगी, वहीं कोई बेहोश पड़ा मिला, तो रैली क्या करेगी?"

चित्रकलावाले साहेब म्हणाले, "रैली बाजू से निकल जाएगी, मॅडम."

संध्याकाळी ऑर्डर निघाली. ही मरणं थांबवायची शहराची जबाबदारी मॅडमच्या नावावर. इतरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि समोसे मागवले.

मॅडमचा पहिला हल्ला माझ्यावरच झाला. ही नशा जास्त झाली की माणसाचा श्वास मंद होत होत थांबतो. त्यावर एक उताऱ्याचं इंजेक्शन असतं. वेळेत दिलं तर दोन-तीन मिनिटांत माणूस परत येतो. ते आमच्याकडे होतं. स्टोअरच्या कपाटात, कुलपात. कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात, आणि मी पाच वाजता घरी.

"शेंडेजी, हे कोणासाठी ठेवलं?"

"इमर्जन्सीसाठी, मॅडम."

"म्हंजे इमर्जन्सीनं पाच वाजायच्या आत याव. आणि उशिरा आली तर काय, कुलपालेच टोचाव का?"

दोन्ही किल्ल्या घेऊन त्या गेल्या. आठवड्याभरात ते इंजेक्शन शहरातल्या प्रत्येक अँब्युलन्समध्ये ठेवलं गेलं. मी तो आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

लोक म्हणत, मॅडम, तुम्ही नशेबाजांना वाचवता म्हणून त्यांची हिंमत वाढते. आधी त्यांना समजावा. यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं, "पहिले श्वास, मंग भाषण." हिंदीवाल्यांसाठी "पहले साँस, फिर भाषण." हे त्या आमदारांना म्हणाल्या, भाजीवालीला म्हणाल्या आणि एकदा झाडलोट चुकवून तत्त्वज्ञान सांगणाऱ्या आमच्या चपराशालाही म्हणाल्या. त्याला त्याचा संदर्भ लागला नाही, पण त्यानं झाडू उचलला.

लोकांना शिकवायचं तर पुतळा हवा. मागणी पाठवली, उत्तर आलं नाही. मग मॅडमनी शिंप्याकडून जुन्या पँट-शर्टात धानाची तणस भरून घेतली आणि माणसाएवढा बाहुला तयार केला. त्याचं नाव जावईबापू. मी विचारलं, हेच नाव काहून?

"दिवसभर पडून राह्यते, आपल्या हातानं काही करत नाई, आणि सगळ्यायले त्याच्याच जिवाची काळजी. दुसरं कोणतं नाव देऊ?"

जावईबापू ऑटोत मॅडमच्या शेजारी बसून गावभर फिरले. बाजारात, ऑटो स्टँडवर, बचत गटात मॅडम त्यांना धाडकन खाली टाकत आणि ओरडत, "जावई पडला! आता?" पहिले छाती घासून हाक मारायची. अँब्युलन्स बोलवायची. डोकं मागं करून तोंडानं श्वास द्यायचा. श्वास आला की कुशीवर वळवायचं, आणि सोडून जायचं नाही. बायका पदर तोंडाशी धरून हसत. हसत हसत शिकत. बसस्टँडवरच्या चहावाल्या लीलाबाईनं तर इतक्या जोरात श्वास दिला की जावईबापूंची एक शिवण उसवली.

पण मोठी अडचण वेगळी होती. अँब्युलन्सला फोन केला की मागून पोलीस येत. त्या भीतीनं सोबतचे फोनच करत नसत, मित्राला टाकून पळून जात. मॅडम जावईबापूंना घेऊन ठाण्यात गेल्या. मी सोबत होतो, एक पाय धरायला.

"मॅडम, क़ानून भी तो कोई चीज़ है," ठाणेदार म्हणाले.

मॅडमनी जावईबापूंना फरशीवर झोपवलं. "ये मर रहा है. मैं इसकी दोस्त हूँ. अब आप वर्दी में आइए."

ठाणेदार हसत उठले, टोपी घातली, दोन पावलं पुढं आले. आणि मॅडम पळाल्या. खोटं नाही, खरोखरच पळाल्या. साडी सावरत, बुटांवर, ठाण्याच्या दारातून बाहेर, रस्ता ओलांडून पार दिसेनाशा झाल्या. आम्ही दोघं बाहुल्याकडे बघत उभे. ठाणेदारांनी मला विचारलं, "आएँगी ना?" मला तरी काय माहीत.

बऱ्याच वेळानं मॅडम धापा टाकत परत आल्या, जावईबापूंच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाल्या, "गया. मैं रुकती तो बच जाता. मैं आपको देखकर भागी."

ठाणेदारांचं हसू मावळलं. ते टोपी काढून खाली बसले. कागदावर काही आलं नाही, पण त्या दिवसापासून अशा फोनवर अँब्युलन्स एकटी जायला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, बसस्टँडमागं अशोक पेंटर पडला. चाळिशीचा माणूस. शहरातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. ओठ निळे पडलेले. या वेळी त्याचा सोबती पळाला नाही, लीलाबाईच्या टपरीकडे धावला. लीलाबाईनं उकळता चहा तसाच सोडला. अँब्युलन्स येईपर्यंत ती त्याला श्वास देत राहिली. इंजेक्शन टोचलं, आणि अशोकनं डोळे उघडून नशा उतरवल्याबद्दल सगळ्यांना शिव्या दिल्या.

"कौन है तू?" तो लीलाबाईवर ओरडला.

"तुझी सासू!" लीलाबाई म्हणाली, आणि तिथंच बसून रडली.

अशोकला मॅडमनी उपचाराला लावलं. बरा असला की तो मॅडमच्या सूचना भिंतींवर रंगवायचा, सुरेख अक्षरात. मॅडम खाली उभ्या राहून त्याच्या वेलांट्या तपासत. तो शिडीवरून म्हणायचा, "मॅडम, तुमी इंजेक्शन पाहा, वेलांटी मले पाहू द्या." काही महिन्यांनी तो पुन्हा पडला, पुन्हा वाचला. मग तो लांबच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. आल्यावर मॅडमनी त्याला समोर बसवून बजावलं, "आता अंगाची सवय गेली. जुना डोस घेशीन तर जीव जाईन. आणि घ्यावंसं वाटलंच, तर एकटा राहू नको. मले फोन कर. मी रागावणार नाई."

त्यानं फोन केला नाही. खोलीचं दार आतून बंद होतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या, सगळ्या फायलींवर सह्या केल्या आणि कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेराव्याचे दिवस झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "राजेगावले जाऊन येऊ." तिथं अशोकची म्हातारी आई एकटी राहत होती.

गोंदियाच्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून हे गाव. गावात अशोक हार्ट अटॅकनं गेला असं सांगितलेलं. म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं, समोर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, मले सगळं मालूम आहे. फक्त येवढं सांगा, त्याले लय तरास झाला का?"

"नाई माय. त्यात तरास नाई होत."

मग मॅडम जे बोलल्या ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "आमी त्याले दोनदा परत आणलं होतं, माय. तिसऱ्यांदा मले कोणी बोलावलंच नाई."

"दोनदा? कधी?" म्हातारीनं विचारलं.

मॅडमनी सांगितलं. म्हातारीनं बोटांवर महिने मोजले. "मंग तो दिवाळीले आल्ता, तो त्याच्यानंतर?"

"हौ."

म्हातारी उठली, मॅडमचा हात धरून त्यांना दाराशी घेऊन गेली. दार निळंभोर रंगवलेलं होतं, काठानं पांढरी वेल, आणि मधोमध म्हातारीचं नाव, अनसूयाबाई. "तीन दिवस होता. हे रंगवलं. म्हणे, माय, तुयं नाव कोणीच कुठी लिहिलं नाई, म्हून लिहितो." तिनं अक्षरांवरून हात फिरवला. "ते दिवाळी तुमीच देल्ली म्हना मले."

मॅडम दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी अंगणात जाऊन उगाच बैलाकडे बघत बसलो.

पुढं काम चालूच राहिलं. मॅडम पुन्हा बोलायला लागल्या, पळायला लागल्या. काही महिन्यांनी एका रविवारी इंजेक्शनच्या मागणीवर त्यांची सही तातडीनं हवी होती आणि फोन लागत नव्हता. त्यांच्या घरमालकानं सांगितलं, "मॅडम तो हर इतवार राजेगाँव जाती हैं." आम्हा ऑफिसवाल्यांना याचा पत्ता नव्हता.

मी गेलो. अंगणात आमच्या मॅडम जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मागं पाटावर म्हातारी. ती त्यांच्या डोक्याला तेल लावत होती आणि रागावत होती. "केस पाह्य कसे झाले. कोणी म्हणन का, डाक्टर आहे म्हून?" ठाणेदाराला टोपी काढायला लावणाऱ्या मॅडम मान खाली घालून "हौ माय, हौ" म्हणत होत्या.

मला पाहून त्या दचकल्या. सहीसाठी चष्मा आणायला घरात गेल्या. म्हातारीनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"बापू, तुमी इच्या संगं काम करता नं? तिकडं इले कोणी विचारते का, जेवली का म्हून?"

मी हौ म्हणायला तोंड उघडलं. नऊ वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत. दुपारी मी डबा उघडतो तेव्हा त्या फोनवर कोणाला तरी श्वास कसा द्यायचा ते सांगत असतात. मी माझा डबा खातो, झाकण लावतो, हात धुतो.

"इचारत जा," म्हातारी म्हणाली.

सोमवारी दुपारी डबा उघडायच्या आधी मी म्हणालो, "मॅडम, जेवल्या का?"

त्यांनी फायलीतून मान वर केली. "काहून? मीटिंग आहे का?"

"नाही. बस, विचारलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग फाईल मिटली.

"नाई जेवली," त्या म्हणाल्या. "काय आणलं तुमी?"