पान खाल्लेलं पाखरू

झाडावर चढता येत नसेल तर माणसानं सरळ तसं सांगून मोकळं व्हावं. त्यात कमीपणा काही नाही. नळदुर्गच्या कचेरीत आम्ही जेवढे कारकून होतो त्यातला एकही झाडावर चढणारा नव्हता, आणि निजामसरकार त्याचा पगारही कुणाला देत नव्हतं. पण मी ते सांगितलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आमच्या परसात चिंचेचं झाड होतं. त्याची एक फांदी स्वयंपाकघराच्या माळवदावर टेकली होती आणि तिच्यावरून मुंगळे उतरून थेट गुळाच्या मडक्यात जात होते. जर्मनीच्या लढाईचे दिवस. साखर दिसेनाशी झालेली, गूळ जपून वापरायचा. माझी बायको जगदेवी दसऱ्यापासून मागं लागली होती.

"अवं, फांदी कवा तोडताव?"

"करू की," मी म्हणायचो. (आमच्या कचेरीत एवढ्या उत्तरावर अर्ज सहा-सहा महिने शांत बसायचे. बायका बसत नाहीत.)

एका सकाळी तिनं कोयता आणून माझ्या हातात दिला. मी झाडाखाली उभा राहून वर बघितलं. फांदी चांगलीच उंच होती. त्या फांदीवर एक पाखरू बसलं होतं. चिमणीपेक्षा लहान, अंगानं मातकट, पोटाशी पांढुरकं. बघण्यासारखं त्याच्यात एकच होतं, हनुवटीखाली लालसर नारिंगी डाग. ते शेपूट वर झटकायचं आणि म्हणायचं, टिक. टिक. टिर्रर्र.

तेव्हा मला ती दुर्बुद्धी झाली.

"जगदेवी," मी हळूच म्हणालो, "वर कोन बसलंय बघ."

"कोन म्हंजे? पाखरू."

"नीट बघ. हनुवटीखाली बघ. आवाज ऐक."

आमची अव्वा, म्हणजे माझी आई शांतम्मा, आदल्या शिमग्याच्या आधी गेली होती. अव्वानं आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही. तिला गरजच पडली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पान खायची आणि सुनेचं काम बघत जिभेनं नुसतं "च्यक" करायची. त्या एका च्यकमध्ये मीठ कमी, भाकरी जाड, पदर खाली आणि तुझ्या आईनं हेच शिकवलं का, हे सगळं मावायचं. पानाचा रस ओठातून उतरून हनुवटीखाली कायम लाल डाग असायचा. मधूनच ती उठायची, काहीतरी खोट काढायची, आणि परत पहिल्या जागेवर येऊन बसायची.

पाखरू फांदीवरून उडालं, हवेत काहीतरी टिपलं आणि परत त्याच जागी येऊन बसलं. टिक, म्हणालं.

जगदेवीचा चेहरा उतरला. तिनं डोक्यावरून पदर घेतला, माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि आत गेली. फांदी वाचली, माझे पायही वाचले.

पहिले काही दिवस काय सुखात गेले म्हणून सांगू. जगदेवीचा आवाज चढेना. भाकरी तव्यावरून थेट ताटात. मी कचेरीतून उशिरा आलो तरी ती वर चिंचेकडं बघायची आणि गप्प बसायची. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोललो, असं मला वाटायला लागलं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. अव्वानं मला कधीच च्यक केलं नव्हतं. मी एकुलता एक, तिच्या दृष्टीनं माझ्यात खोट नव्हती. ती भाषा घरात कळायची एकट्या जगदेवीला.

"टिक टिक," पाखरू म्हणालं.

"अवं, आत्याबाई म्हनत्यात, पानी तुमी आना."

"मी? अव्वा असं म्हनल?"

"दोनदा टिक म्हंजे पानी. मला शिकवू नगा. इतकी वर्सं ऐकलंय म्या."

मी घागर उचलली. त्याच आठवड्यात अव्वानं माझा विडा बंद केला, अंथरुणं मला काढायला लावली आणि भावाच्या लग्नाला जगदेवीनं माहेरी महिनाभर राहावं असं ठरवलं. जिवंतपणी सुनेला दोन दिवस माहेरी सोडताना जिचा जीव जायचा, ती अव्वा मेल्यावर इतकी मोकळ्या मनाची झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारी हरणाबाई राहायची. किराणावाल्या शरणप्पाची बायको. बाई मनानं निर्मळ, पोटात मात्र काही राहत नाही. तिनं एकदा जगदेवीला चिंचेला हात जोडताना बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या परसात बायका यायला लागल्या. त्या झाडाखाली बसायच्या, अव्वाला आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. पाखरू टिक म्हणायचं. त्या समाधानानं उठून जायच्या.

मग महांतप्पा अय्या आले. आमच्या लिंगायतांत लग्नापासून मातीपर्यंत सगळं अय्याच्या हातून होतं. अव्वाला माती ह्याच अय्यांनी दिली होती. ते पाणीही न घेता उंबऱ्यात उभे राहिले.

"गुरुलिंग, शांतम्मा लिंगैक्य झाली का न्हाय?"

"झाली की, अय्या. तुमच्याच हातानं झाली."

"शिवात मिसळलेलं मानूस चिंचंवर कसं बसतंय?"

मी बसायला पाट पुढं सरकवला.

"म्हंजे माझं काम कच्चं ऱ्हायलं, असं गाव म्हनायलंय. आता ऐक. वर्साचं जेवन शिमग्याच्या आदी हाय. त्या दिशी सकाळी मी येनार. तवर त्या पाखराचं नाव, गाव, जात काढून ठीव. पाखरू असंल तर मी जेवनार. शांतम्मा असंल तर मी पानी बी न पिता परत जानार, आन् माझ्यामागं सगळी पंगत उठनार."

वर्षाच्या जेवणाला अय्याच उठून गेले, तर अव्वाचं वर्ष मोडलं. तो डाग काही पानाचा नव्हे, तो आमच्या घराला कायमचा लागणार.

मी पाखराचं नाव शोधायला निघालो. आमच्या तहसीलदारसाहेबांना पाखरांचा शौक होता. हैदराबादेहून आणलेले लढाऊ बटेर ते पिंजऱ्यात बाळगायचे. मी वर्णन सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"लड़ता क्या?"

"जी नहीं, हुजूर."

"गाता?"

"नहीं. बस, टिक टिक करता."

"लड़ता नहीं, गाता नहीं, दिनभर एक जगह बैठ के टिक टिक करता. मियाँ, ये तो कारकून है."

अख्खी कचेरी हसली. (मी पण हसलो. साहेबांच्या विनोदाला हसणं हे नोकरीच्या शर्तीत असतं.)

मग मी शाळेतल्या बलभीम मास्तरांकडं गेलो. त्यांच्याकडं एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं. त्यांनी पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. लहानसं पाखरू, छाती लाल, खाली बर्फ.

"हे बघा, रॉबिन. विलायतेचं पाखरू."

"विलायतेहून नळदुर्गला कशाला येईल?"

"लढाई चालू आहे ना तिकडं," मास्तर म्हणाले.

मी आनंदानं घरी येऊन जगदेवीला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"आत्याबाई विलायतंला कशाला जातील? त्येंला सोलापूरचं पानी बाधत हुतं."

वर्षाचा दिवस उजाडला. आत चुलीवर मोठी भांडी चढली होती, हरणाबाई आत-बाहेर करत होती, ओसरीवर पाहुणे जमत होते. अय्या आले ते सरळ परसात गेले. घोंगडी टाकून चिंचेखाली बसले. त्यांनी जगदेवीलाही बोलावून समोर बसवलं, कारण खरी फिर्याद तिची होती. मी बाजूला उभा राहिलो. पाखरू फांदीवर होतं.

अय्यांनी बराच वेळ बघितलं.

"ह्यो नर हाय," ते म्हणाले.

"कशावरनं, अय्या?" मी विचारलं.

"कोंबड्याला तुरा, मोराला पिसारा. पाखरात नटतंय ते बापई. बाईमानसाचा गळा इतका लाल नसतोय."

(पुढं निजाम गेल्यावर मला एक पाखरांचे जाणकार गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितलं, त्याला लाल गळ्याचा माशीमार म्हणतात. उन्हाळा फार लांब उत्तरेकडच्या रानात काढतो, हिवाळ्याला आपल्याकडं येतो, आणि लाल गळा फक्त नराला असतो. म्हणजे अय्या बरोबर होते. पण त्यांनी कोंबड्यावरून काढलं होतं.)

माझा जीव भांड्यात पडला. "म्हंजे अव्वा न्हाय. झालं. चला, पंगत बसवू."

जगदेवीनं पदर आणखी पुढं ओढला.

"मग मामंजी असतील," ती म्हणाली.

"अगं, अप्पा जन्मात तोंड उघडून बोलले न्हाईत."

"आत्याबाई हुत्या तवर कसे बोलतील?"

अय्या खवळले. "तुझ्या सासऱ्याला माझ्या बापानं माती दिली. म्हंजे आमच्या घरान्याचं कामच कच्चं म्हन की."

एवढ्यात पाखरू फांदीवरून सुटलं, अय्यांच्या नाकासमोरून एक माशी उचलली आणि परत जाऊन बसलं. माशी त्यानं गिळलेली आम्ही तिघांनी बघितली. अय्या हळूहळू ताठ बसले.

"गुरुलिंग, तुझी अव्वा काय खात हुती?"

"भाकरी, आमटी, शेंगाची चटनी."

"तुझा अप्पा?"

"त्येच. शेंगदान्यात एक अळी दिसली तर अख्खं पोतं टाकून द्यायचे."

"मग मेल्यावर ती दोघं माशी खातील? इतकी वर्सं गळ्यात लिंग बांधून, मांसमच्छी शिवली न्हाय, आन् मेल्यावर बाटतील?" अय्यांनी उठून घोंगडी झटकली आणि ओसरीकडं तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. "हे पाखरू लिंगायत न्हाय."

ओसरीवरचे पाहुणे सुटकेनं हसले. मी तर अय्यांच्या पायाच पडलो. अव्वाचं वर्ष वाचलं, घराची लाज राहिली. आणि मग मी जगदेवीकडं बघितलं. ती तिथंच बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. मला का कळत नव्हतं व्हय पाखरू हाय त्ये? म्या का येडी हाय?" ती म्हणाली. "पर वाटायचं, आत्याबाईंनी माझ्या हातच्या कशाला कदी बरं म्हनलं न्हाय. कवातरी एखादा दिस हे गप ऱ्हाईल. तर म्या समजीन, आज बरं झालंय."

अय्यांचा राग उतरला. ते तिच्याजवळ परत खाली बसले.

"शांतम्मा कवतिक करत नव्हती, खरं हाय पोरी. आन् ह्यो?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्येंनी बी न्हाय."

अय्या माझ्याकडं वळले. "पाखराचं नाव-गाव इचारत सगळं नळदुर्ग पालथं घातलंस, बाबा," एवढंच म्हणाले.

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पाखराच्या तोंडून ती जे ऐकायला बघत होती ते माझ्या जिभेवर इतकी वर्षं नुसतं पडून होतं, आणि ते द्यायला झाडावर चढायचीही गरज नव्हती. मी तिथल्या तिथं ठरवलं, आज भर पंगतीत बोलायचं. सगळ्या जातभाईंसमोर, मोठ्यानं, कुणी विसरणार नाही असं बोलायचं.

पंगत बसली. माझ्या एका बाजूला अय्या, दुसऱ्या बाजूला शरणप्पा. वाढपी हुग्गी घेऊन फिरले. गव्हाची, गुळाची खीर, वर खसखस आणि खोबरं. जगदेवी तुपाचं भांडं घेऊन माझ्यासमोर आली. मी एक घास घेतला, खाकरलो आणि हात वर केला.

"मंडळी, एक बोलू का? अशी हुग्गी नळदुर्गात दुसऱ्या कुठल्या बाईच्या हातनं व्हायची न्हाय. नुसती नळदुर्गातच न्हाय, तुळजापुरापतूर न्हाय. ज्या हातानं ही केली त्या हाताला सोन्याच्या पाटल्या घालाव्यात. म्या इतकी वर्सं बोललो न्हाय, माझं चुकलं. पर मनात कायम हुतं, आन् आज सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

अय्यांनी मान हलवली. माझे स्वतःचेच डोळे भरून आले. मी जगदेवीकडं बघितलं. ती तुपाची पळी तशीच हवेत धरून उभी होती.

"हुग्गी हरणाबाईनं केलीया," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या सकाळधरनं अय्यांसंगं चिंचंखाली हुते."

शेजारी शरणप्पाचा घास हातातच राहिला. आत दाराआड हरणाबाई हुंदके देऊन रडायला लागली, कारण तिलाही आजवर कुणी बरं म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून शरणप्पानं माझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. हरणाबाई मात्र दर सोमवारी न चुकता हुग्गीची वाटी पाठवते, आणि जगदेवी माझ्यासमोर मांडी घालून बसते आणि वाटी चाटूनपुसून संपेपर्यंत उठत नाही. हुग्गी मला लहानपणापासून आवडत नाही, पण हे आता कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही.