बिब्ब्याच्या खुणेची दाढ

सत्यास नमस्कार करून, आणि खोटे लिहिल्यास बोरू मोडो ऐसे बोलून, लिहिणार लिहितो. शके सोळाशे चौऱ्यांशी, चित्रभानु नाम संवत्सरे, चैत्र वद्य षष्ठीस कोणे एके राज्यी एक अन्याय सुरू जाहला, तो ऐसा. त्या नगरी सुभाना म्हणोन परीट राहत होता. नदीवर धुणे धुवावे आणि पाणी ओसरले म्हणजे वाळूगोट्यांत दगड जाहलेले जुने दात वेचावे, हा त्याचा छंद. घरी गाय, म्हैस, घोडा, डुक्कर यांचे जबडे मांडिले होते. नवा दात आणावा आणि एकेका जबड्याशी ताडून कोण्या जनावराचा ते ठरवावे. आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यास जशी बिब्ब्याची, धुण्याने न जाणारी खूण, तशी दातासही घालावी. नदीच्या ज्या वळणी दात मिळाला, तेथे ज्याचे घर, त्याच्याच कपड्यांची खूण. म्हणजे विसर पडणे नाही.

त्या षष्ठीस त्यास मुठीएवढी दाढ सापडली. झिजल्या माथ्यावर बेलाच्या पानासारखी तीन दळांची नक्षी, आणि ऐशी पाने चार. घरच्या एकाही जबड्याशी जुळेना. मग हबशांच्या मुलखातून आलेला गोलंदाज सिद्दी मर्जान कपडे न्यावयास आला, तो दाढ पाहोन म्हणाला, "सुभानादादा, हा तर आमच्या मुलखातला पाणघोडा. लहानपणी नदीकाठी त्याच्या कवट्या पडलेल्या असायच्या, दाढेवर हीच पानं." सुभाना म्हणाला, "म्हणजे आपल्या नदीतही कधीकाळी पाणघोडे होते. एवढं दप्तरी लागलं पाहिजे, मर्जानभाई. नाहीतर माझ्यामागं कोण सांगणार?"

आणि तो भोळा जीव दाढ घेऊन दरबारचे दंतकोविद धुंडिशास्त्री यांजकडे गेला. राज्याचा शिरस्ताच ऐसा, की सापडल्या दाताचा निर्णय शास्त्र्यांनी द्यावा. मग त्यांनी जन्मात गायीच्या तोंडात डोकावून पाहिले नसो. शास्त्री बोलिले, "ठेव तिथे. तू आपली धुणी बघ." आणि पंधरा दिवसांनी भर दरबारी निर्णय वाचिला, की ही महाराजांच्या मूळपुरुषाच्या हत्तीची दाढ होय, पुरावा, दाढेच्या कुशीस प्राचीन लिपी आहे, तीन टिंबे आणि एक रेघ, म्हणजे तीन दिशा जिंकिल्या आणि एक गादी स्थापिली. आणि माथ्यावरील पाने कोण्या खोडसाळाने मागाहून कोरली, सबब उद्याच सोनाराकडून ती घासोन सपाट करावी आणि वर सोन्याचे टोपण बसवावे. मग वाहवा जाहली आणि शास्त्र्यांस शालजोडी मिळाली. काय म्हणावे या निर्लज्जपणास? दाढेची सारी ओळख त्या पानांत, आणि हे तीच पुसावयास निघाले.

सुभाना धुतल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन दाराशी उभा होता, त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुजरा करोन तो म्हणाला, "महाराज, ती लिपी माझी आहे. शास्त्रीबुवांच्या घरामागल्या वळणावर दाढ घावली, म्हणून त्यांच्याच कपड्यांची खूण घातली. त्यांच्या उपरण्याचा कोपरा बघावा." हुजऱ्याने कोपरा उलटला, तीन टिंबे आणि एक रेघ. महाराज हसले, तेव्हा मग सारेच हसले. मर्जानाची साक्ष जाहली, घासणे टळले आणि "दाढ पाणघोड्याची" ऐसे दप्तरी चढले. परंतु लिहिणारे पुन्हा शास्त्रीच. त्यांनी पुढे लिहिले, "शोध धुंडिशास्त्री यांचा, नदीकाठच्या कोणा इसमाकरवी आणविली." छत्तीस वर्षे ज्याने यांची धोतरे धुतली, तो कोणी इसम. शालजोडी मात्र परत मागितली नाही.

एवंच, दाढ पाणघोड्याची, वळण शास्त्र्यांच्या घरामागले आणि शोधणार सुभाना परीट, इतकेच यात खरे. पुढे ते दप्तर बांधावयाचा रुमाल मळला म्हणोन सुभानाकडे धुण्यास आला. त्याने तो धुतला, घडी घातली आणि कोपऱ्यास बिब्ब्याने खूण घातली, शास्त्र्यांची नव्हे, आपल्या घरची. शास्त्र्यांनी डाग राहिला म्हणोन रुमाल दोनदा परत धाडिला. दोन्ही वेळां तो पांढराशुभ्र होऊन आला, खुणेसकट.