ओल्या पोत्यातला कॉम्प्युटर

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं त्या उन्हाळ्यात शहरातल्या आमच्या गारखेड्यात एक माणूस कॉम्प्युटरला पाणी पाजायचा. आमचे शेजारी आबा. सीपीयूच्या डब्याभोवती पोतं गुंडाळायचं आणि माठासारखं ओलं ठेवायचं. "तापतंय बिचारं. जनावर जुनं हाय, पर इमानी हाय!"

आबा खुलताबादकडच्या मेंढपाळाच्या घरातले. सगळा जन्म शहरात नोकरीत गेला, तरी घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी जनावरच. फ्रिज रवंथ करतो, मिक्सर बुजरा. लेक सासरी गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागं राहिला. तो भंगारात काढा म्हटलं की अंगावर यायचे, "म्हातारं झालं म्हणून खाटकाला द्यावं व्हय?"

मी कॉम्प्युटरचे क्लास घेतो, म्हणजे आबांच्या हिशेबी गुरांचा डॉक्टर. एक दिवस त्यांनी वायफायचं कार्ड माझ्या हातात कोंबलं. "मास्तर, हे बसवा. तुमचं वायफाय भिंतीपल्याड तर हाय. आजच बसवा."

घाई कशाची, तर धाकटा भाऊ बाळू कळप घेऊन चाऱ्यामागं पार विदर्भात गेलेला. त्याच्या फोनवर व्हिडिओ कॉल व्हायचा. "मोबाईलात मेंढरू मुंगीएवढं दिसतं. मोठ्या पडद्यावर बघायचीत मला मेंढरं."

कार्ड बसवलं. त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधताना माझा जीव मेटाकुटीला आला आणि आबा मागं येरझाऱ्या घालतायत. "लागलं का? का लागंना?"

"आबा, बसा हो जरा!"

"बसून काय करू?"

एकदाचं लागलं, पण टिकेना. दुपारी झकास चालायचं, सकाळी ढिम्म. मी ड्रायव्हर बदलले, कार्ड काढून पुसलं. आबांनी लिंबू-मिरची बांधली. मग एका सकाळी बघतो तर आबा पोत्यावर तांब्या ओततायत, आणि पडद्यावर सिग्नलच्या रेघा एकेक करून विझतायत. अरे देवा! कार्डाची अँटेना त्या ओल्या पोत्याखाली दडपलेली, दुपारी ते वाळलं की मोकळी!

"आबा, काढा ते पोतं!"

"अन् तापलं मंग?"

"तापू द्या!"

मीच ओरबाडून काढलं आणि टेबलफॅन लावला. रेघा भरल्या. माइक जोडला, कॉल लावला. बाळूनं उचलला आणि कॅमेरा सरळ कळपाकडं फिरवला. "बघ दादा, समदी हाईत."

आबांनी बघितलंसुद्धा नाही. "मेंढरांचं काय बघायचं रं! तुझं थोबाड दाखव."

काळवंडलेला, गालफडं बसलेला चेहरा आला. इतके दिवस भिरभिरणारे आबा खुर्चीत बसले. "लई वाळलास रं. जेवतूस का नाय?"

"जेवतो की. पर दादा, मला तू दिसंना."

त्या डबड्याला कॅमेरा कुठला! मी सांगायला तोंड उघडलं, तर आबांनी हातानंच मला गप्प केलं. दुसऱ्या हातानं उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं होतं.

"नाय दिसत त्येच बरं हाय," आबा म्हणाले. "तू बोल."