धोंडूमामाची पत्रिका

बालमित्रांनो, आधीच हात जोडून सांगतो. माझी शाळा सातवीलाच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील. कुणी गुरुजी वाचत असतील तर त्यांनी लाल पेन थोडा वेळ खिशातच ठेवावा. गोष्ट मात्र मनापासून सांगतो.

एका जंगलात कागदाला बंदी होती.

बंदीचं कारण चांगलं होतं. कागद झाडापासून होतो आणि जंगल झाडांचंच असतं. म्हणून सिंहमहाराजांनी हुकूम काढला की यापुढे सगळं फोनवर. हुकूमही फोनवरच आला. सगळ्यांनी त्याला अंगठा दिला. वाचला दोघातिघांनी.

राहिल्या फक्त गांधीलमाश्या. त्या लाकूड चावून चावून कागद करतात आणि त्याचंच पोळं बांधतात. म्हणजे त्यांचं घरच बंदीत आलं. पण त्यांना नोटीस द्यायला जाणार कोण? दरबाराने ते काम माकडाला दिलं, माकडाने खारीला दिलं आणि खार आजारी पडली. तेव्हापासून तो विषय कुणी काढला नाही.

या जंगलात नागोजी नावाचा मुंगूस राहत होता. त्याच्या मुलीचं, बालीचं, लग्न ठरलं. नागोजीने फोनवर सुंदर पत्रिका केली. उघडली की फुलं पडायची आणि सनई वाजायची. खाली लिहिलं होतं, 'नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हीच पत्रिका समजावी.'

नागोजीची बायको सगुणाबाई म्हणाली की एक तरी कागदाची हवी. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ती धोंडूदादाला नेऊन द्यायची. धोंडूदादा हा तिचा थोरला भाऊ. तो ओढ्यापलीकडे खडकात राहायचा.

नागोजी हसला. दादाकडेही आता फोन आहे, म्हणाला, आणि फोनला हळद लावली तर बिघडेल. मग त्याने एका बोटाने तीनशे बारा जणांना पत्रिका पाठवली. दुपारची झोपसुद्धा मोडली नाही. संध्याकाळपर्यंत तीनशे बारा अंगठे आले. त्यांत धोंडूमामाचाही होता.

स्वयंपाकाला अस्वल आचारी होता. त्याने विचारलं, पत्रिका कुठे आहे? नागोजीने फोन दाखवला. आचाऱ्याने फुलं पडताना पाहिली, सनई पूर्ण ऐकली आणि म्हणाला, "मग चाळीस पानं पुरेत."

नागोजीला राग आला. पण खरं सांगतो मुलांनो, लग्नाच्या दिवशी मांडवात पस्तीसच जण होते. त्यांतले तीस नवऱ्याकडचे. बाकीच्यांनी घरूनच फोनवर फुलांचे गुच्छ पाठवले होते.

तेही चाललं असतं. पण मुहूर्त जवळ आला आणि धनेश भटजी म्हणाले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

आपल्याकडे नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. मुंगसांतही तसंच आहे. आणि मामा आला नव्हता.

नागोजीने फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. बाली हिरवा चुडा भरून आत बसली होती. मुहूर्त गेला. नवऱ्याची आत्या शेजारणीला म्हणाली की सख्खा मामा येत नाही म्हणजे त्या घरात काहीतरी असणार. ती हे हळूच म्हणाली, पण आतपर्यंत ऐकू जाईल इतपत हळू. भटजींनी पुढचा मुहूर्त सांगितला, चार वाजताचा. नवऱ्याचा बाप म्हणाला की चारपर्यंत थांबतो. मग मात्र आम्ही आमची वाट धरू.

सगुणाबाई थेट गांधीलमाश्यांच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. म्हणाली, भावाला बोलवायचं आहे, एवढासा कागद द्या.

सगळं जंगल लांबून बघत होतं. थोरली माशी बाहेर आली. तिने नुसतं विचारलं, भाऊ थोरला की धाकटा? थोरला म्हटल्यावर तिने पोळ्याचा जरा मोठा तुकडा काढून दिला.

सगुणाबाईने त्यावर लिहिलं, 'दादा, बालीचं लग्न आहे. सहकुटुंब सहपरिवार ये. तू आल्याशिवाय ती उभी राहणार नाही.' चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि ओढा ओलांडून धावत गेली.

धोंडूमामा खडकाच्या दारात बसला होता. डोक्याला नवा फेटा होता. बालीला द्यायचा शेला घडी करून मांडीवर ठेवला होता. तो सकाळपासून तसाच बसला होता. फोन आत वाजत होता.

"दादा, पत्रिका पाठवली होती की," सगुणाबाई धापा टाकत म्हणाली. "तू अंगठा दिलास."

"तू कळवलंस, मी कळलं म्हणून सांगितलं," मामा म्हणाला. "बोलावलंस कुठे?"

सगुणाबाईने कागद पुढे केला. मामाने तो दोन्ही हातांनी घेतला. वाचायला चष्मा नव्हता, म्हणून नुसता कोपऱ्यावरच्या हळदीचा वास घेतला. मग कागद फेट्यात खोवला आणि उठला.

"चल," म्हणाला. "उशीर कुणामुळे झाला ते वाटेत भांडू."

चार वाजता बाली मामाचा हात धरून बोहल्यावर आली. लग्न लागलं. नवऱ्याच्या आत्याने सगळ्यांत आधी डोळे पुसले.

फक्त एक झालं. पत्रिकेत सहकुटुंब सहपरिवार असं लिहिलं होतं, आणि मामाने ते निघतानाच सुनेकडून वाचून घेतलं. मग खडकातली सगळी मुंगसं आली. चुलते आले, चुलत्यांचे व्याही आले. येताना दिसेल त्याला मामा फेट्यातला कागद काढून दाखवत होता, म्हणून वाटेतलेही आले. ऐंशी जण वाढले. चाळीस पानांचा स्वयंपाक पहिल्याच पंगतीत संपला. नागोजी आणि सगुणाबाई त्या दिवशी भिजवलेले पोहे खाऊन झोपले.

तात्पर्य : लग्नात जेवण कमी पडू नये असं वाटत असेल, तर पत्रिका फक्त फोनवर पाठवावी.

मुलांनो, गोष्ट इथे संपली. आमच्या घरी पुढच्या आठवड्यात ताईचं लग्न आहे. ओतूरच्या आत्याला मी पत्रिकेचा फोटो पाठवला होता. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि पहिली एसटी पकडली. जाताना आचाऱ्याच्या घरी थांबलो आणि वीस पानं वाढवायला सांगितली.