एका बोटाचा अर्ज

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पिएत्रीश शहरातल्या एका आठ मजली इमारतीच्या लिफ्टच्या दारात वेतुरिया बोबोचा हिच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली आणि मोडली. हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं आणि कागदावर ‘किरकोळ दुखापत’ असा शेरा मारला. त्यात त्यांची चूक नव्हती. त्या घरात ते एक बोट दोन माणसं वापरतात, हे त्यांना कुठून माहीत असणार?

वेतुरियाचा नवरा इलारिए सहा वर्षांपूर्वी अक्रोड झोडपायला झाडावर चढला होता. आधी अक्रोड खाली आले, मागोमाग इलारिए आला. मानेतला मज्जारज्जू दुखावला. तेव्हापासून त्याचे खांदे त्याचं ऐकत, कोपरं ऐकत, मनगटंही कुरकुरत का होईना ऐकत. बोटं मात्र ऐकत नसत, आणि छातीखालच्या मुलखाने तर राजधानीशी संबंधच तोडले होते. आतड्याचं म्हणणं एवढंच, की वरून हुकूम आल्याशिवाय आम्ही काम करणार नाही. म्हणून एक दिवसाआड, सकाळी सात वाजता, काळी कॉफी पिऊन झाली की इलारिए भोकाच्या खुर्चीवर बसे. वेतुरिया औषधाची वडी आत सरकवी, वीस मिनिटं थांबे, मग हातमोजा चढवून, बोटाला जेल लावून ते आतड्याच्या दाराशी हलकेच गोल फिरवी. दार उघडे. थांबायचं, पुन्हा फिरवायचं. तासाभरात काम फत्ते. त्या तासात दोघं रेडिओ ऐकत, शेजाऱ्यांची उणीदुणी काढत, आणि आदल्या दिवशीचं भांडण शिल्लक असेल तर ते दहा वाजेपर्यंत पुढे ढकलत. त्या अवस्थेत भांडणं दोघांनाही शोभलं नसतं.

जगाला यातलं काही ठाऊक नव्हतं. जगाला सांगितलं होतं की इलारिए सकाळी ‘व्यायाम’ करतो. वेतुरियाची धाकटी बहीण स्मारांदा त्या व्यायामाचे दाखले गावभर देत असे. पुढच्या रविवारी स्मारांदाच्या तीन महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि धर्मपिता म्हणून इलारिए ठरला होता. पोरीचं नावही त्याच्यावरूनच, इलारिया. सगळ्या गावासमोर तिला मांडीवर घेऊन त्याने बसायचं होतं. अपघातानंतर लोक त्याच्या हातात पाण्याचा ग्लाससुद्धा देत नसत, समोर टेबलावर ठेवत. आणि इथे अख्खं मूल देणार होते. इलारिएने सूट महिनाभर आधीच इस्त्रीला दिला होता.

रविवारी वेतुरियाने डाव्या हाताने प्रयत्न केला. रक्त आलं, इलारिएला दरदरून घाम फुटला, डोक्यात घण पडायला लागले, आणि रक्तदाब असा चढला की यंत्राने आकडा दाखवायचंच नाकारलं. थांबावं लागलं.

सोमवारी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. असं तुंबून राहिलं तर रक्तदाब जिवावर उठेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं स्वतःचं बोट रिकामं होतं, पण त्यांच्या करारात ते बसत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘प्रशिक्षित परिचारिकेकडून, घरी, एक दिवसाआड, डिजिटल उत्तेजन. सहा आठवडे.’ डिजिटल म्हणजे बोटाने. लॅटिनमध्ये बोटाला तसंच म्हणतात, आणि डॉक्टरांना जे म्हणायला अवघड वाटतं ते सगळं ते लॅटिनमध्ये म्हणतात.

जिल्हा साहाय्य कार्यालयात चार नंबरच्या खिडकीवर झेनोव्हियाबाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा फाईल परत केली, कारण ती दोरीची होती आणि नियमाप्रमाणे पत्र्याच्या पट्टीची लागते. वेतुरिया प्लॅस्टरचं बोट वर धरून समोरच्या दुकानातून पट्टीची घेऊन आली. मग बाईंनी चिठ्ठी वाचली. ‘डिजिटल’ या शब्दापाशी त्यांचा चेहरा उजळला.

“हे माझ्याकडे नाही. नऊ नंबर. डिजिटल आहे ना.”

इलारिएने आवाज खाली आणला. “बाई, डिजिटल म्हणजे बोट.”

“तेच म्हणते मी. हल्ली सगळं बोटावरच झालंय.”

नऊ नंबरला ‘डिजिटल परिवर्तन कक्ष’ होता. युरोपच्या मदतीतून तो चौदा महिन्यांपूर्वी उघडला होता. त्यात चार फिरत्या खुर्च्या, एक प्लॅस्टिकचं झाड आणि कक्षप्रमुख ओक्ताव्हियान एवढा संसार होता. अर्जदार एकही नव्हता. निधी महिनाअखेर परत जायचा होता. ओक्ताव्हियानने चिठ्ठी दोनदा वाचली आणि उभा राहिला. या जिल्ह्यातले लोक डिजिटल म्हटलं की पळतात, असा अहवाल त्याने स्वतःच तीनदा वर पाठवला होता. आणि इथे एक नागरिक स्वतःच्या चाकांवर येऊन मागणी करत होता, तीही लेखी, तीही घरी, सलग सहा आठवडे.

“साहेब, मला परिचारिका हवी आहे,” इलारिए म्हणाला. “बोट घालायला.”

“तुमचं बोट तुम्हीच घालायचं. कुठेही, कधीही. मधला माणूसच आम्ही काढून टाकलाय.”

मंगळवारी दुपारी बारापर्यंत अर्ज मंजूर झाला. त्या कार्यालयात वीस-वीस वर्षं काढलेल्यांनी तोंडात बोटं घातली.

बुधवारी ओक्ताव्हियान स्वतः टॅब्लेट घेऊन घरी आला. तो बोटाच्या ठशाने उघडायचा होता. इलारिएची बोटं मुठीत वळलेली, वेतुरियाचं प्लॅस्टरमध्ये. ओक्ताव्हियान मनाने चांगला होता. त्याने तात्पुरता स्वतःचा ठसा नोंदवला आणि कुलूप कायमचं उघडं ठेवून दिलं. सहा वर्षांत त्या घरात आलेलं ते पहिलं सरकारी बोट. काचेवर टेकलं आणि परत गेलं.

त्यानंतर टॅब्लेट दिवसातून तीनदा गोड आवाजात विचारायचा: “इलारिए, आज कसं वाटतंय? हिरवं, पिवळं की लाल?” उत्तर मिळालं नाही तर दर दहा मिनिटांनी पुन्हा. वैतागून इलारिएने नाकाने दाबलं. हिरवं लागलं. “शाबास,” टॅब्लेट म्हणाला, “तुम्ही सक्रिय नागरिक आहात.” पोटात मात्र कसलीच सक्रियता नव्हती. वाळवलेली आलुबुखारं झाली, पोट साफ करणारी सरबतं झाली, पोट ढोलासारखं ताणलं गेलं. घाम सुटायचा, डोकं ठणकायचं, आणि रविवार जवळ येत होता.

गुरुवारी दोघं पुन्हा चार नंबरला गेली. झेनोव्हियाबाईंनी संगणकात पाहून सांगितलं की अर्जदाराला उत्तेजन चालू आहे, आणि एकाच नागरिकाला एकाच वेळी दोन उत्तेजनं दिली तर लेखापरीक्षणात प्रश्न येतो. परिचारिका हवी असेल तर आधीचं उत्तेजन होत नसल्याचा पुरावा आणा. पण नोंदीत तर कालपासून दर वेळी हिरवं दिसत होतं, तेही नाकाने, म्हणजे विशेष उत्साहाने. वैद्यकीय समिती शेजारच्याच खोलीत बसत असे. तिने इलारिएचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि निष्कर्ष लिहिला: ‘अर्जदाराकडे एकूण दहा बोटे आढळली.’

इलारिए हसला. वेतुरिया हसली नाही. तिने काउंटरवर प्लॅस्टर आपटलं आणि मोठ्याने ओरडली, ती मात्र दुखलं म्हणून.

आवाज ऐकून ओक्ताव्हियान धावत आला. उद्या कक्षाचं औपचारिक उद्घाटन होतं, राजधानीहून संचालक येणार होते. पहिला लाभार्थी म्हणून इलारिएने यावं, दोन शब्द बोलावेत. परिचारिकेच्या कागदावर संचालकांची सही आपण तिथल्या तिथे घेऊ, शनिवारी सकाळी बाई घरी हजर. शनिवारी काम झालं की रविवार कोरडा जाईल. इलारिएने मनात हिशेब केला आणि हो म्हटलं. त्याच दिवशी वेतुरियाने सरबताचं माप दुप्पट केलं. आतून थोडं सैल झालेलं असलं तर परिचारिकेला सोपं जाईल, असा तिचा विचार होता.

शुक्रवारी नऊ नंबरला फुगे होते, फीत होती, छायाचित्रकार होता आणि पंचवीस अधिकारी होते. संचालकांचं भाषण चांगलं होतं. “या यंत्रणेत वर्षानुवर्षं जे अडकून पडलं आहे,” ते म्हणाले, “ते आता मोकळं होणार आहे.” इलारिएच्या कपाळावर घाम आला. मानेवर काटा आला. या खुणा तो ओळखत होता.

“वेतू, निघू या.”

“सही राहिलीय,” ती पुटपुटली. “दोन मिनिटं धर.”

धरणं त्याच्या अधिकारात असतं तर प्रश्नच मिटला असता. “आणि याचे परिणाम,” संचालक म्हणाले, “लवकरच तुम्हा सर्वांना जाणवतील.”

ते ताबडतोब जाणवले.

आधी छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला. मग पुढची रांग मागे सरली आणि मागच्या रांगेला सरायला जागा उरली नाही. हे कुणाच्या अखत्यारीत येतं, असा प्रश्न निघाला. झेनोव्हियाबाईंनी नऊ नंबरकडे बोट दाखवलं, ओक्ताव्हियानने चार नंबरकडे, समितीने डॉक्टरीणबाईंकडे, संचालकांनी ओक्ताव्हियानकडे. पंचवीस माणसं, अडीचशे बोटं, सगळी धडधाकट, सगळी ताठ. आठवडाभर वेतुरिया त्यांतलं एक मागत होती.

इलारिए कुणाकडे बघत नव्हता. सात दिवसांत पहिल्यांदाच त्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं. एवढी लाज वाटत असताना इतकं बरं वाटावं, हे त्याला स्वतःला माफ करता येईना. वेतुरियाने एका हाताने आणि एका कोपराने खुर्ची वळवून कॉरिडॉरमध्ये आणली. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार उघडलं तर आत छतापर्यंत टॅब्लेटची खोकी रचलेली होती.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘लाभार्थीकडून उत्स्फूर्त प्रतिसाद. परिणाम उपस्थितांच्या प्रत्यक्ष अनुभवास आले.’ योजना आणखी सात जिल्ह्यांत लागू झाली. परिचारिकेच्या अर्जावर शेरा पडला: ‘उद्दिष्ट साध्य झाल्याने आवश्यकता नाही.’

घरी येऊन, अंघोळ घालून झाल्यावर इलारिएने बायकोला बहिणीला फोन करायला लावला. धर्मपिता दुसरा बघा. अर्धं अजून पोटातच होतं, ते चर्चमध्ये कधी निघेल याचा नेम नव्हता. वेतुरियाने फोन केला, आणि ‘का’ याचं उत्तर देता देता सहा वर्षांचं सगळं सांगून बसली.

शनिवारी सकाळी सातला स्मारांदा दारात, कडेवर बाळ.

“व्यायाम,” ती म्हणाली. “सहा वर्षं मी नवऱ्याला टोमणे मारतेय, बघा जरा, भाऊजींचा एक दिवस व्यायाम चुकत नाही.”

इलारिएने तोंड भिंतीकडे केलं. “दुसरा बघ, स्मारांदा. उद्या तिथे, बाळ मांडीवर असताना तसं झालं तर...”

“हिचं दिवसातून आठ वेळा होतं. आणि दर वेळी हिचा बाप टाळ्या वाजवतो, जसं काही पोरगी परीक्षेत पहिली आली.” तिने बाळाला पलंगावर, त्याच्या नाकासमोर ठेवलं. “ताई, हातमोजे कुठेत? नखं कालच कापलीत. फिरवायचं कसं तेवढं सांग.”

वेतुरियाने सांगितलं. मोडकं बोट हवेत गोल फिरवून दाखवलं. कॉफी झाली, वडी झाली, वीस मिनिटं झाली. अर्ज नव्हता, फाईल नव्हती, पट्टीसुद्धा नव्हती. इलारिएने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“अशा वेळी तुम्ही दोघं बोलता काय?” मागून स्मारांदाने विचारलं.

डोळे न उघडताच तो म्हणाला, “शेजाऱ्यांची निंदा.”

“मग करा की. मला काय वर्ज्य आहे?”

तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात झाली. सहाव्या मजल्यापर्यंत पोचेतो काम झालं. सगळं. कोपऱ्यातून टॅब्लेट म्हणाला, “इलारिए, आज तुम्ही काहीच केलेलं नाही. लाल.”

रविवारी चर्च भरलं होतं. पाद्रींनी तीनदा विचारलं, सैतानाला नाकारतोस का? इलारिएने बाळाच्या वतीने तीनदा नाकारलं, आणि एवढा मोठा नकार नुसत्या तोंडी स्वीकारला जातो याचं त्याला नवल वाटलं. बाळाचे कपडे उतरवून, पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून ते त्याच्या मांडीवर दिलं. त्याची वळलेली बोटं तिच्या पाठीखाली बरोब्बर बसली, जणू गेली सहा वर्षं ती याच मापात वळून राहिली होती. स्मारांदाने हात पुढे केले होते, ते मागे घेतले.

पाद्री पाण्याकडे वळले, आणि वास आला.

पाद्रींचा हात थांबला. सगळं चर्च मान वळवून इलारिएकडे पाहू लागलं. तिसऱ्या रांगेत झेनोव्हियाबाई होत्या. सवयीने त्यांचं बोट वर झालं. वेतुरियानेही त्याच्याकडे पाहिलं. इलारिएला तर खालचं काही कळतच नसे. त्यामुळे क्षणभर तो स्वतःही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला.

स्मारांदा वाकली, दुपटं जरा उचललं आणि हसायला लागली. “हिचं आहे.”

चर्च मोकळं झालं. लोक हसले, एका आजीने पोरगी भाग्याची निघणार म्हणून सांगितलं, बापाने तिथेही टाळ्या वाजवल्या. महिनाभर जपलेल्या सुटावर पिवळा डाग पसरत होता आणि इलारिए त्याच्याकडे असा बघत होता, जसं कुणी पदक लावलंय. वळलेल्या माना आपापल्या जागी परत गेल्या. कुणी काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही झालंय, असं कुणाला वाटलंच नाही.

आता एवढंच सांगा. वास आला, असं वर वाचलंत, तेव्हा तुम्ही कुणाकडे पाहिलंत? आदल्या दिवशी त्याचं सगळं झालेलं तुम्हाला माहीत होतं. दिवसातून आठ वेळा करणारं तीन महिन्यांचं मूल त्याच्याच मांडीवर होतं, तेही माहीत होतं.

बोट खाली घ्या.